सुपडूने चालवलेला पापडांचा ग्रुप

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे गावोगाव असतात म्हणा, पण हा अगदी खरोखरचा भोळा. नाव सुपडू. "जरा घराकडे बघा, मी आलेच," असं बायको सांगून गेली, की हा समोरच्या ओट्यावर बसून घराकडे बघत राहायचा. मागच्या दारानं शेळी शिरून पीठ खाऊन जायची. हा समोरून बघतोच आहे. बायको ओरडली की म्हणायचा, "अगं, मी नजर हलवली नाही. घर जागेवरच होतं."

बायकोचं नाव द्वारका. ती उडदाचे पापड करायची. पातळ, गोल, आणि तळले की ताट भरून टाकणारे. बारा वर्षं ती दर मंगळवारी डोक्यावर पाटी घेऊन चार मैल चालत बाजाराला जायची आणि दिवसभर जमिनीवर बसायची. त्यात तिचे गुडघे गेले. संध्याकाळी उठताना शेजारच्या मिरचीवालीचा खांदा धरावा लागायचा. मिरचीवालीला उठायला हिचा खांदा लागायचा. कधी कधी दोघी तशाच बसून राहायच्या.

एकदा तालुक्याला बायकांचं शिबिर झालं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मोबाईलवर ग्रुप करा. गिऱ्हाईक जोडा. त्यांच्याशी रोज बोला, त्यांना आपलंसं करा. शंभर माणसं जोडलीत की बाजारात बसायला नको, माल घरबसल्या जाईल."

द्वारकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमना वाटलं, आपलं भाषण आवडलं. भाषण कुणी ऐकलं होतं? तिनं एवढंच ऐकलं होतं, की बाजारात बसायला नको.

आता अडचण एकच. द्वारकेचे हात दिवसभर पिठात आणि तेलात. मोबाईल धरणार कोण? घरात रिकामे हात फक्त सुपडूचे होते.

"अहो, ग्रुप तुम्ही सांभाळायचा," ती म्हणाली. "रस्त्यात जो नंबर मिळेल तो ग्रुपात घ्या. एकालाही सोडू नका."

"बरं," सुपडू म्हणाला. त्यानं खांद्यावरच्या पंच्याला एक गाठ मारली. बायकोचं सांगणं विसरू नये म्हणून तो गाठ मारायचा. आणि विसरायचा नाही हो. विसरला असता तर बरं झालं असतं.

सुपडू रस्त्यानं निघाला. भिंतीवर नंबर दिसला, घेतला. विजेच्या खांबावर दिसला, घेतला. केळीच्या ट्रकमागे लिहिलं होतं, 'तक्रार असल्यास फोन करा.' त्याच्यामागे पळत जाऊन घेतला. संध्याकाळी ग्रुपात शंभरावर माणसं झाली. गल्लीतल्या दहा-बारा बायका, आणि बाकी बोअर मारणारा, साप पकडणारा, बँडवाला, जेसीबीवाला, दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर, विहिरीतला गाळ काढणारे सात जण, असे सगळे.

द्वारकेनं कपाळाला हात लावला. कपाळ पिठानं पांढरं झालं. "अहो, ही कुठली माणसं? ओळख ना पाळख!"

"काढू?"

"आता राहू देत. दारात आलेल्याला हाकलू नये. पण नुसती माणसं गोळा करून ग्रुप होत नाही. माणूस आला की आधी विचारपूस करायची. घरचे कसे, लेकरं कशी. मग कामाचं."

"बरं," सुपडू म्हणाला आणि दुसरी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी शेजारची बेबीबाई धावत आली. "सुपडूभाऊ! चुलीमागे साप निघालाय! तुमच्या ग्रुपातल्या त्या सापवाल्याला बोलवा!"

सुपडूनं पंच्याची शेवटची गाठ चाचपली. "बसा बेबीबाई. घरचे सगळे बरे?"

"अहो, साप!"

"सापाचं मग. थोरली बाळंत झाली का?"

"झाली. मुलगा झाला. अहो, साप केवढा आहे बघा तरी!"

"वा! वजन किती?"

"सापाचं?"

"मुलाचं."

बेबीबाईनं वजन सांगितलं. नाव सांगितलं, बारसं कधी तेही सांगितलं. तोवर साप कंटाळून कुठेतरी निघून गेला. पण कुठे गेला ते कुणी बघितलं नाही, म्हणून बेबीबाईनं तीन दिवस चूल पेटवली नाही. तीन दिवस तिचं सगळं घर द्वारकेकडे जेवायला. जावईसुद्धा.

द्वारका भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अहो, अशा वेळी विचारपूस करत बसायचं नसतं. काही घडलं की लगेच ग्रुपवर टाकायचं. सगळ्यांना कळलं की चार माणसं मदतीला येतात."

"बरं." तिसरी गाठ.

चौथ्या दिवशी मागच्या दारानं प्रमिला आली. नवी सून, बिचारी घाबरट. "भाऊ, चार किलो पापड द्या. सासूबाई लेकीकडे गेल्यात. जाताना सांगून गेल्या, येईपर्यंत पापड लाटून ठेव. मला लाटता येत नाहीत हो. हेच दाखवीन, मी केले म्हणून. कुणाला कळलं नाही पाहिजे."

सुपडूनं पापड दिले. मग शेवटची गाठ चाचपली. काहीतरी घडलं होतं, हे उघड होतं. त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'प्रमिला मागच्या दारानं चार किलो पापड घेऊन गेली आहे. सासूला सांगणार, मीच लाटले. तिला लाटता येत नाही. सर्वांनी मदतीला यावे.'

सासूबाई ग्रुपात होत्याच. त्यांनी लेकीच्या गावाहून उत्तरादाखल फक्त एक अंगठा पाठवला. तो अंगठा बघून प्रमिला रडायला लागली. बँडवाल्यानं विचारलं, 'लग्न आहे का?'

सासूबाई परत आल्यावर शेवटी द्वारकाच दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांच्याकडे गेली. "पोरीनंच लाटले हो, मी फक्त पीठ दिलं," असं धडधडीत खोटं बोलून आली. घरी आल्यावर मात्र तिचा आवाज चढला. "गिऱ्हाइकाची गोष्ट चारचौघांत सांगतात का? तोंडाला कुलूप लावायचं! कुणी काही विचारलं तर म्हणायचं, मला माहीत नाही!"

"बरं." चौथी गाठ.

आणि दोनच दिवसांत फोन वाजला. तालुक्याच्या प्रभाताई. मोठं घर, मोठा गोतावळा. प्रमिलाच्या सासूनं तिकडे पापड नेले होते. सून कशीही असो, पापड आवडले होते.

"हा पापडांचाच नंबर ना?" प्रभाताईंनी विचारलं.

सुपडूनं गाठ चाचपली. "मला माहीत नाही."

"द्वारकाबाई आहेत का?"

"मला माहीत नाही." द्वारका समोरच पीठ कुटत होती.

"अहो, मग तुम्ही त्यांचे कोण?"

"मला माहीत नाही."

"लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?" प्रभाताईंनी हळूच विचारलं.

हे त्याला खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यात द्वारका उठली, ओरडली, आणि कोपरानं मोबाईल ओढून घेतला. पिठाच्या हातांनी तिनं तो कानाला लावला.

प्रभाताईंच्या लेकीचं लग्न रविवारी होतं. दोन हजार पापड हवे होते. शिवाय त्या म्हणाल्या, "माल चांगला दिलात, तर आमची सगळी भावकी तुमच्या ग्रुपात घालते. तीनशे घरं आहेत. मग तुम्हाला बाजाराचं तोंड बघायला नको."

द्वारका किती तरी वेळ नुसती गुडघ्यांवरून हात फिरवत होती. मग तिनं सुपडूला समोर बसवलं. रागावली नाही. अगदी समजुतीनं म्हणाली, "हे बघा, एवढ्या वेळी घोळ घालू नका. तुमच्या पाया पडते. कुणालाही नाही म्हणायचं नाही. कुणी काही विचारलं की तोंडातून 'हो'च आलं पाहिजे."

"बरं," सुपडू म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं. त्यानं पाचवी गाठ मारली आणि ती दातांनी ओढून घट्ट केली.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. पापड कुणी एकटीनं लाटत नाही. एकीनं पीठ कुटायचं आणि गल्लीतल्या बायकांनी लाटायला जायचं. उद्या तिच्याकडे, परवा हिच्याकडे. प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं आपण न्यायचं. आणि आलेल्या बाईच्या हातावर तेलात बुडवलेल्या दोन लाट्या ठेवायच्या. पापडाची कच्ची लाटी ज्यानं खाल्ली नाही, त्याला मी काय सांगू? पापड हा लाट्या खाण्यासाठी काढलेला बहाणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर द्वारका म्हणाली, "ग्रुपवर टाका. उद्या सकाळी आमच्या अंगणात काम आहे. आपापलं सामान घेऊन या. एवढंच लिहा. बायकांना कळतं."

सुपडूनं एवढंच लिहिलं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

पहाटे उठून द्वारकेनं सगळं पीठ कुटलं. दोन हजार लाट्या कापून परातींत रचल्या, वर ओलं फडकं घातलं. सकाळी दहा-बारा बायका पोळपाट-लाटणी घेऊन आल्या. गोल करून बसल्या. पहिला पापड लाटायला घेतला, आणि जमीन हलायला लागली.

बोअरवाला आला होता, आपली मशीन घेऊन. त्याच्यामागे जेसीबी. त्याच्यामागे केळीचा ट्रक, त्याच्यामागे आकडा लावलेली काठी घेऊन सापवाला, दोर आणि घमेली घेऊन गाळ काढणारे सात जण, झांजा-ढोल घेऊन बँडवाला, आणि सगळ्यांत शेवटी भोंगा वाजवत दवाखान्याची गाडी. निरोप सगळ्यांना गेला होता, आणि सगळे आपापलं सामान घेऊन आले होते. असा ग्रुप मोठमोठ्या दुकानदारांना जमत नाही हो!

"इथे बोअर मारायचं का?" बोअरवाल्यानं विचारलं.

सुपडूनं पाचवी गाठ चाचपली. "हो."

"वाजवायचं का?" बँडवाल्यानं विचारलं.

"हो."

"पेशंट आहे का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"हो."

"कोण?"

सुपडूनं विचार केला. "बायको. तिचे गुडघे."

द्वारका पहाटेपासून बसलेली. उठायला जाताना तिनं नेमके गुडघे धरले होते. ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीदारानं तिला अलगद उचलून स्ट्रेचरवर घातली.

"अहो, सोडा मला! माझं पीठ! माझ्या लाट्या!"

"भ्रम झालाय," ड्रायव्हर जोडीदाराला म्हणाला. "चल लवकर."

गाडीचं दार लागता लागता द्वारका जिवाच्या आकांतानं ओरडली, "अहो, आलेल्यांना दोन-दोन लाट्या द्या आणि कामाला बसवा!"

"बरं," सुपडू म्हणाला. सहावी गाठ मारायला पंच्यात जागाच उरली नव्हती. म्हणून हे त्यानं नुसतंच लक्षात ठेवलं.

कामाला बसवायची गरजच नव्हती. बोअरवाला कामाला लागलाच होता. अंगणात धुळीचा लोट उठला, बँड वाजायला लागला, आणि बायका पोळपाट डोक्यावर घेऊन पळाल्या. राहिली बाहेरची शंभर माणसं. सुपडूनं प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन लाट्या ठेवल्या, तेल लावून, मोजून.

जेसीबीवाल्यानं बोटं चाटली. "काय चव आहे हो! आणखी आहेत का?"

"हो," सुपडू म्हणाला.

"मलाही देता?"

"हो."

शंभर माणसं, माणशी वीस लाट्या. हिशेब तुम्हीच करा.

संध्याकाळी दवाखान्याची गाडी द्वारकेला घेऊन परत आली. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोक्यावर ओझं नको, लांब चालणं नको, जमिनीवर बसणं नको. ती धरून धरून उतरली. अंगणाच्या मधोमध खोल भोक पडलं होतं. ओट्यावर बँडवाला झोपला होता. सगळ्या पराती लखलखत होत्या. एवढ्या स्वच्छ पराती तिनं बारा वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

"लाट्या?" द्वारकेनं विचारलं.

"दिल्या."

"सगळ्या?"

"हो."

द्वारका ओट्याच्या कडेवर टेकली. भोकाकडे बघत तिनं विचारलं, "प्रभाताईंचा फोन आला होता?"

"आला होता की. पापड झाले का, विचारत होत्या."

"मग?"

"हो म्हटलं. त्या इतक्या खूश झाल्या, की तीनशे घरं आजच ग्रुपात घातली. सगळेच विचारताहेत, आम्हालाही मिळतील का. दुपारपासून एकेकाला हो, हो म्हणतोय. बोट दुखायला लागलं माझं."

द्वारकेला रडू आवरेना. पदरात तोंड घालून ती म्हणाली, "अहो, आता मंगळवारी बाजाराला मी काय नेऊ?"

सुपडू तिच्याशेजारी बसला. त्याचा चेहरा असा काही उजळला होता! पंचा मांडीवर घेऊन तो एकेक गाठ सोडायला लागला. काम फत्ते झालं होतं, आता गाठी कशाला?

"रडू नको गं, वेडे," तो मायेनं म्हणाला. "आता बाजाराला जायचंच नाही. न्यायला काही ठेवलंच नाही मी."