बेहड्याला टेकू

“मग मी नुसतं बघत बसायला हवं होतं का, बाबा? डोळ्यांदेखत एकानं दुसऱ्याचा गळा आवळायचा, आणि मी जप करत बसायचं?”

भानुनाथबाबा मठाच्या पायरीवर बसून तळव्यातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बाबा, मी विचारतोय.”

“ऐकलं. सगळ्या राईनं ऐकलं.”

पद्माकर ओशाळला. जगात बळी तो कान पिळी, हे सोसेना म्हणून तो कॉलेज अर्धवट टाकून या डोंगरावर, नाथांच्या मठात आला होता. आणि इथं मठामागच्या देवराईत पाहतो तो तेच! एक जुना, अवाढव्य बेहडा. कुठल्याशा पाखरानं त्याच्या बेचक्यात वडाचं बी टाकलेलं. वडानं वरून मुळं सोडली, ती जमिनीत रुतली, जाड झाली, एकमेकांत गुंतली. बेहडा पिंजऱ्यात कोंडल्यासारखा दिसायचा. ऊन वडाचं, पाणी वडाचं.

राईत लोखंड न्यायचं नाही, ही तिथली जुनी चाल. वाळकी काटकीही उचलायची नाही. तरी माघात, बाबा भिक्षेला गेलेले पाहून पद्माकरनं घोंगडीत गुंडाळून कुऱ्हाड नेली आणि वडाची मुळं बुडाशी तोडली. एकूण एक. बेहडा सुटला! त्या दिवशी आनंदानं त्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

वड वाळला. त्याच्या लाल फळांवर येणारे धनेश पक्षी फिरकले नाहीत. वटवाघळं गेली. न्याय फुकट मिळत नाही, अशी पद्माकरनं मनाची समजूत घातली.

आज सकाळी त्यानं वाळक्या मुळांच्या फटीतून हात घातला, तर बेहड्याचं खोड बोटांनी कुस्करलं. आत नुसता भुसा. वाळवीनं त्याला केव्हाच पोखरलं होतं. इतकी वर्षं झाडाला उभं धरलं होतं ते पिंजऱ्यानं. आणि आता पिंजराही तडकत होता.

धावत येऊन त्यानं बाबांना सगळं सांगितलं होतं. कुऱ्हाडीसकट.

“टेकू देऊ,” तो म्हणाला. “चार वासे पुरतील.”

“कशाचे?”

“खालच्या रानातून ऐनाची झाडं तोडून आणतो.”

“बरं. आणि त्या ऐनांनी तुझं काय घोडं मारलंय?”

“...मग दोरानं बांधू. शेजारच्या झाडाला.”

“बांध की. म्हणजे पडताना त्यालाही घेऊन जाईल. एकट्यानं कशाला जायचं?”

“थट्टा करू नका हो, बाबा!” पद्माकरचा आवाज फुटला. “एकाला वाचवायला गेलो, आणि दोघंही...”

बाबा उठले. पाय ओढत राईत शिरले. पद्माकर मागोमाग गेला.

वारा फारसा नव्हता. तरी वर कुठंतरी कर्र... असं वाजलं.

बेहडा ज्या अंगाला कलला होता त्या अंगाला बाबा गेले. खोडाला पाठ लावली. पाय मातीत रोवले. आणि उभे राहिले.

“हे काय, बाबा! बाजूला व्हा!”

“का?”

“पडेल ते!”

“पडणारच.”

“तुमच्या पाठीनं थांबणार आहे का?”

“नाही.”

“मग कशासाठी?”

पद्माकरनं त्यांचं मनगट धरून ओढलं. काटकीएवढं मनगट, पण माणूस हलेना.

कर्र... मूठभर भुसा बाबांच्या जटांवर सांडला.

“एवढं तरी सांगा,” पद्माकर रडवेला झाला. “वड त्याचा वैरी होता की सोबती?”

“बेहड्याला विचार.”

“तो मेलाय, बाबा!”

“मग वडाला विचार.”

...

पद्माकरनं मागं पाहिलं. मठाकडं जाणारी वाट मोकळी होती. पळता आलं असतं. डोळ्यांतलं पाणी त्यानं बाहीनं पुसलं, आणि बाबांच्या शेजारी येऊन खोडाला पाठ लावली.

खोड ओलं होतं, गार होतं. आणि ते सरकत होतं. अगदी सावकाश, पण त्याला पाठीत कळत होतं. हे ओझं दोघांचं नव्हतं. दहांचंही नव्हतं. यातून काही वाचणार नाही, हे त्याला आरपार कळलं.

त्यानं टाचा मातीत रोवल्या.

“किती वेळ धरायचं, बाबा?”

वर पुन्हा काहीतरी तडकलं.

“वडानं कधी विचारलं नाही.”