मॉर्टिमर घराण्यातलं भांडण

डोंगरावरच्या तळ्याला, रस्त्याला, कड्याला विलायतेतल्या मॉर्टिमर घराण्याचं नाव होतं. त्याच घराण्यातला नवा साहेब आला आणि त्यानं गावाला तळं बंद केलं. म्हणाला, "ज्याला आमचं नाव, ते आमच्या घरचं!"

भर उन्हाळ्यात गाव तहानेनं कासावीस झालं. अशातच एका दुपारी कडा ढासळला आणि साहेबाची घोडागाडी अडकली.

"दगड उचला!" साहेब ओरडला.

रस्त्याचा म्हातारा मुकादम रखमाजी ढेबे जन्मभर दगड उचलून थकला होता. तो खालीच बसला.

"साहेब, मॉर्टिमर कडा मॉर्टिमर रस्त्यावर पडलाय. तुमच्या घरच्या भांडणात आम्ही परक्यांनी कशाला पडायचं?"

संध्याकाळी तळं खुलं झालं. रखमाजी आधी पोटभर पाणी प्यायला, मगच त्यानं पहार उचलली.