परवाचे जेवण

एकदा एक शिष्य परीक्षेपेक्षा परीक्षेआधीच्या जेवणाला अधिक घाबरला, त्याची ही गोष्ट.

एका वृद्ध वैद्याच्या आश्रमात तो सात वर्षे वैद्यक शिकत होता. तिथली शेवटची परीक्षा शलाकेची असे. सूर्योदयाला परीक्षक बसत आणि डोळे मिटून पोथीच्या पानांत शलाका, म्हणजे चांदीची बारीक काडी, खुपसत. काडी ज्या पानावर थांबेल तिथून शिष्याने तोंडपाठ म्हणायचे आणि अर्थ लावायचा. हे सूर्यास्तापर्यंत चाले. मधे उठणे नाही, खाणे नाही. पाणी तेवढे मिळे. परीक्षा तीन वर्षांतून एकदाच होई आणि दोनदा नापास झालेल्याला तिसरी संधी नसे.

हा शिष्य एकदा नापास झालेला होता. मन शुद्ध राहावे म्हणून त्या वेळी त्याने आदल्या दिवसापासून कडकडीत उपवास केला, आणि भर दुपारी, चांगल्या पाठ असलेल्या श्लोकाच्या मध्यावर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. घाटापलीकडचे त्याचे गाव तेव्हापासून थांबून होते. तिथे वैद्य नव्हता. आजाऱ्याला डोलीत घालून दोन दिवसांची वाट तुडवावी लागे आणि प्रत्येक डोली वेळेवर पोहोचत नसे. म्हणून या खेपेला त्याने ठरवले, की अभ्यास तर झालाच आहे, आता पोटाच्या बाबतीत चुकायचे नाही.

अडचण अशी, की पोटाविषयी ज्याला-त्याला मत असते. आश्रमाजवळच्या गावातल्या एका व्यापाऱ्याच्या बायकोचा जुनाट खोकला या शिष्याच्या काढ्याने गेला होता. त्या व्यापाऱ्याने तूप निथळणारा बदामाचा शिरा पाठवला आणि निरोप दिला, की बुद्धीला तुपाशिवाय चकाकी येत नाही. एक सहाध्यायी म्हणाला, नुसते दूध घे. दुसरा म्हणाला, दुधाने झोप येते, केळी खा. तिसऱ्याने केळ्याने कफ कसा वाढतो ते श्लोकासह सांगितले. शिष्याने अखेर पोथ्याच काढल्या. तिथे तर प्रत्येक पदार्थ एका पानावर अमृत होता आणि दुसऱ्या पानावर विष. सात वर्षे शिकलेल्या माणसाला भूक लागल्यावर काय खावे ते कळेना.

परीक्षेला तीन दिवस उरले तेव्हा तो गुरुजींकडे गेला. ते खलबत्त्यात सुंठ कुटत होते. त्याने सगळे सांगितले. बत्ता न थांबवता त्यांनी विचारले, "परवा सकाळी काय जेवलास?"

शिष्य विचारात पडला. कालचा शिरा त्याला चांगला आठवत होता. चार दिवसांपूर्वीच्या बारशाच्या जिलब्याही आठवत होत्या. परवाच्या जागी मात्र कोरे पान होते.

"आठवत नाही, गुरुजी."

"मग तेच जेव," ते म्हणाले, आणि पुन्हा कुटू लागले.

शिष्य बाहेर आला तो डोके धरूनच. न आठवणारे जेवण जेवायचे कसे? त्याने सहाध्याय्यांना विचारले. एकाच्या मते गुरुजींना उपवासच सुचवायचा होता, कारण जे आठवत नाही ते शून्य. हे ऐकून शिष्याला घामच फुटला. दुसरा म्हणाला, "वय झालं रे त्यांचं. काल मला दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा तुझ्या नावाने." तिसरा म्हणाला, "तू आधी ब्राह्मी घे, म्हणजे परवाचं आठवेल." तिघे हसले. शिष्याला हसू आले नाही.

शेवटी तो स्वयंपाकघरात गेला. तिथे आश्रमाचा स्वयंपाक करणाऱ्या आत्याबाई पीठ मळत होत्या. परवा काय केले होते, असे त्याने विचारताच त्यांनी मळणे थांबवले.

"मी काय रोज वेगळं शिजवते, बाबा? जोंधळ्याची भाकरी, मुगाचं वरण, ताक. सात वर्षं तेच खातोस आणि मलाच विचारतोस?"

त्यांच्या आवाजात थोडा रुसवाही होता. सात वर्षांत त्या वरणाची कुणी चौकशी केली, ती ही अशी.

शिष्य तसाच गुरुजींकडे परतला. त्याचा आवाज चढला होता. "माझ्या गावाचं सगळं या एका दिवसावर अवलंबून आहे, आणि आपण मला भाकरी सांगता?"

गुरुजींनी आता बत्ता खाली ठेवला. "कालचा शिरा तुला का आठवतो?"

"दुपारभर जळजळत होतं."

"म्हणजे दुपारभर तो तुझ्याशी बोलत होता. तीन वर्षांपूर्वीचा उपवासही असाच बोलत होता, म्हणून तोही आठवतो. परवाची भाकरी मात्र काही न बोलता कामाला लागली. परीक्षेच्या दिवशी पोथी बोलेल आणि परीक्षक बोलतील. तिसऱ्या कुणाला बोलू देऊ नकोस."

"पण पोथीत इतकी पथ्यं सांगितली आहेत, ती?"

"पथ्य म्हणजे काय खाऊ नये याची यादी, असं लोक समजतात. तू तरी तसं समजू नकोस. पथापासून जे ढळू देत नाही ते पथ्य. तू सात वर्षं इथवर आलास तो याच अन्नावर. शेवटच्या दिवशी वाट का बदलायची? आणि एक सांग, तू आजारी आहेस का?"

"नाही."

"मग आजाऱ्याचं ताट का मागतोस? परीक्षा हे काही दुखणं नव्हे."

परीक्षेच्या पहाटे शिष्य वरण-भाकरी जेवला आणि वर ताक प्यायला. पण दारात त्या व्यापाऱ्याची बायको दही-साखर घेऊन उभी होती. हे तर रोजचे नव्हते. त्याने गोंधळून मागे पाहिले.

"घे," गुरुजी म्हणाले. "ते पोटासाठी नसतं. देणारीच्या जिवासाठी असतं. चमचाभरच घे म्हणजे झालं."

तळहातावरचे दही चाटून तो आत गेला. आता नियम नेमका कोणता, हे त्याला अजूनही नीट कळले नव्हते. शलाका ज्वरावर थांबली, मग अस्थिभंगावर, मग विषांवर. दुपार झाली तशी तो डोळ्यांपुढच्या अंधारीची वाट पाहू लागला. ती येईना, आणि थोड्या वेळाने तो तिची वाट पाहणेही विसरला. परीक्षकांनी शलाका पुसून डबीत ठेवली, तरी तो पुढच्या पानासाठी कान देऊन बसलेलाच होता.

त्या वर्षी घाटापलीकडच्या गावाला वैद्य मिळाला.

पहिल्याच आठवड्यात एक धट्टाकट्टा शेतकरी त्याच्या ओट्यावर आला. उद्या पंचांपुढे दिवसभर बांधाच्या वादात आपली बाजू मांडायची आहे, डोके शाबूत राहील अशी एखादी पुडी द्या, म्हणाला. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, घरी रोज काय शिजते ते विचारले आणि उद्याही तेच जेवून जायला सांगितले.

"आणि औषध?" हात पुढे करूनच माणसाने विचारले.

"एवढंच."

माणूस दोन पायऱ्या उतरला, थांबला, रिकाम्या तळहाताकडे बघत राहिला. वैद्य त्याला समजावायला हाक मारणार होता. मग त्याने मारली नाही. थोडा गोंधळ माणसाबरोबर त्याच्या घरापर्यंत जाऊ द्यावा लागतो, हे त्याला आता ठाऊक होते.