बोरखिंडीची यसाक्का आणि तापलेलं चाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरखिंडीतला रस्ता मातीचा होता आणि ट्रॅक्टर बघायला माणसं चार कोस चालत यायची, तेव्हाची. खिंडीच्या पायथ्याच्या वाडीत यसाक्का लोहारीण राहायची. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात तिची उमर गेली होती. मग ट्रॉल्या आल्या, गाड्या कमी झाल्या आणि यसाक्काचा भाता थंड पडला.

रिकामं बसणं तिला जमेना. एकदा कुणाची तरी मोडकी ट्रॉली दारात पडली होती. तिनं तिचं चाक उतरवलं, चाकाच्या मधला तुंबा खोलला, आतलं बेअरिंग काढून रॉकेलनं धुतलं आणि तीन दिवस त्याच्याकडं बघत बसली. चौथ्या दिवशी हसली. "आपल्याच आखाची नात हाय ही," म्हणाली. तिला सगळं उमगलं, असं म्हणतात.

तेव्हापासून खिंड चढणारी प्रत्येक ट्रॉली ती थांबवायची आणि तुंब्याला उपडा हात लावायची, पोराच्या कपाळाला लावावा तसा. हात गार राहिला तर "जा." तापला तर "उतरवा." बेअरिंग फुटायच्या आधी तीन दिवस तिला त्याचं कण्हणं ऐकू यायचं, असंही म्हणतात. ड्रायव्हर लोक मात्र तिची चेष्टा करायचे.

एके दिवशी सकाळी धोंडिराम चौगुल्याची ट्रॉली आली. रंग नवा, शिंगांना लावावेत तसे गोंडे लावलेले आणि आत चाळीस माणसांचं वऱ्हाड. नवरी होती फुलवंती. लग्न खिंडीपलीकडच्या गावात, मुहूर्त दुपारचा. यसाक्कानं डाव्या चाकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. टायरच्या आतल्या बाजूनं वंगणाचा काळा ओघळ आला होता.

"सील फाटलंय. वंगण गळालंय. वर जाऊ नको, धोंडिराम."

"आक्का, मुहूर्त चुकंल! आल्यावर बघू."

"उतारावर चाक निघालं तर येणार कोण?"

धोंडिरामनं ट्रॅक्टर चालू केला. यसाक्का उठली आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासमोर जाऊन मांडी घालून बसली. माणूस चिडलेला, वर बायकामाणसं हसत होती. पण ती हलली नाही. कुणी ओरडायच्या आत हळदीच्या पिवळ्या साडीतली फुलवंती खाली उतरली आणि तिच्याशेजारी येऊन बसली.

"मी न्हाई तर मुहूर्त कुणाचा?" ती म्हणाली.

मग सगळं वऱ्हाड उतरलं. कुणीतरी तांब्या घेऊन तुंब्यावर पाणी ओतायला धावला. "गप! पोलाद तडकंल. आपसूक निवू दे," यसाक्का गरजली. चाक निवलं, वासा घालून ट्रॉली उचलली, चाक उतरलं. आतलं बेअरिंग तापून निळं पडलं होतं आणि त्याचे बारीक पोलादी रूळ तुकडे होऊन तिच्या ओंजळीत पडले.

आता नवं बेअरिंग आणायचं कुठून? तालुका बारा कोस लांब. तेवढ्यात धोंडिराम खाली मान घालून म्हणाला, "हाय एक. ट्रॉली विकणाऱ्यानं दिलं व्हतं, ह्यात ट्रॉलीचा जीव हाय म्हणून. म्या पुजतोय." सीटखालून त्यानं लाल फडक्यातलं बेअरिंग काढलं. भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेलं.

यसाक्का हसून हसून वाकली. मग तिनं भंडारा धुतला आणि जुन्या बेअरिंगचं घर, म्हणजे बाहेरचं कडं, तुंब्यातून ठोकून काढून नवं बसवलं. सील मात्र नव्हतं. जुन्या मोटेचं चामडं घरात होतं, ते तिनं गोल कापून तेलात बुडवलं.

"मला दाखवा की आक्का," फुलवंती म्हणाली. तिनं तळहातावर वंगण घेतलं आणि यसाक्का सांगेल तसं एकेका रुळाच्या फटीत दाबून भरलं. बेअरिंग आत गेलं, चामड्याचं सील त्यामागं बसलं, चाक चढलं. नटाचा पाना यसाक्कानं नवरीच्याच हातात दिला.

"आवळ. अजून आवळ. आता जरासा सोड. बास."

पिन घातली आणि यसाक्कानं चाकाला एक टिचकी मारली. सगळ्या वऱ्हाडाचा चहा होऊन कपबश्या विसळून झाल्या तरी ते फिरतच होतं, असं म्हणतात.

फुलवंती काळ्या हातांनीच मांडवात उभी राहिली. मुहूर्त टळला होता. सासूनं विचारलं, "हे काय गं?" फुलवंतीनं सगळं सांगितलं. सासू भटजींना म्हणाली, "दुसरा मुहूर्त काढा. माणसं पोचली, ते बरं झालं."

यसाक्का पुढं कितीतरी वर्षं जगली. शंभर, असं म्हणतात, आणि वाडीत कुणी ते खोडून काढत नाही.

अजूनही उसाचा हंगाम संपला, की बोरखिंडीत यसाक्काचा दिवस पाळतात. पंचक्रोशीतल्या ट्रॉल्या मैदानात लागतात, चाकं उतरतात, बेअरिंगं धुऊन नव्या वंगणात मळली जातात, फाटकी सीलं बदलतात. बायका एकेक चाक फिरवून, कान लावून पास करतात. मग जेवणं होतात. पहिली पंगत बायकांची आणि वाढायला ड्रायव्हर. कितीही साबण लावला तरी त्यांची नखं काळीच राहतात, पण त्या दिवशी पुरणपोळी वाढणाऱ्या हाताकडं बघून बोरखिंडीत कुणी नाक मुरडत नाही.