पारव्याचा पुढचा पाय

फार वर्षांमागं, हिंगणदरीला गाडीरस्ता नव्हता आणि बैलांच्या खुरांनी पाडलेली वाट तेवढी होती, त्या काळात तिथं ठकू जीनगरीण राहायची. नवऱ्यामागं खोगिरं शिवण्याचं काम तिनंच चालू ठेवलं होतं, आणि सणावाराला ती लोकांच्या भिंतींवर गेरू-कोळशानं जनावरं काढायची. सगळे काढायचे तशीच काढायची. हत्ती म्हणजे चार खांबांवरचा रांजण, घोड्याला मोराची मान, वाघाला माणसाच्या मिशा.

एकदा वाटेनं चाललेली एक धनगराची म्हातारी तिच्या बैलासमोर थांबली. बराच वेळ बघून म्हणाली, "बाई, ह्याला बसायचं झालं तर पाय कुठनं मोडंल ह्यो?"

 ठकूनं तो बैल पुसून टाकला, आणि ठाऊक नाही ते काढायचं नाही असं मनाशी ठरवलं.

मग वर्षभर ती गुराख्यांमागं माळ तुडवत राहिली. गाय उठताना आधी मागचे पाय उचलते आणि घोडा आधी पुढचे, हे तिनं शेकडो वेळा पाहिलं. पण कातड्याखाली काय हलतं ते दिसेना. तेव्हा ती गावाबाहेर गेली, जिथं येसबा म्हातारा मेलेली जनावरं सोलायचा. त्यानं आधी तिला हाकललं. गाव तुला जगू देणार नाही म्हणाला. ती बसून राहिली. शेवटी त्यानं तिच्या हातात बैलाचं फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं पसरट हाड दिलं आणि दाखवलं की हे हाड धडाला हाडानं जोडलेलंच नाही, नुसत्या मांसानं तोलून धरलंय. मागच्या पायाला उलटा गुडघा दिसतो तो गुडघा नव्हे, टाच आहे. जनावर जन्मभर चवड्यावर चालतं. ठकू घरी आली ती हसत आली, असं म्हणतात.

गावाला हे कळलं. पंच बसले. विहिरीवर तिची घागर बंद झाली, आणि प्रायश्चित्त घे, पुन्हा तिकडं जाऊ नकोस, असं बजावलं गेलं. ठकू उभी राहून म्हणाली, "माझ्या हाताला विटाळ असेल, तर ह्या हातानं शिवलेली खोगिरं तेवढी परत आणून द्या." कोणी आणून दिली नाहीत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येसबाकडं गेली, आणि पाणी ओढ्याचं प्यायली.

पुढं इनामदारांच्या मुलाचं लग्न निघालं. वेशीच्या भिंतीवर आपला पारवा, कबुतरी रंगाचा घोडा काढलेला हवा, ही त्यांची हौस. तसा हात पंचक्रोशीत दुसरा नव्हता, म्हणून हौसेपुढं विटाळ विसरला गेला. ठकूनं तीन दिवस तबेल्यात बसून पारव्याला नुसतं पाहिलं, कानापासून खुरापर्यंत चाचपलं, आणि मग भिंतीवर काढला. नाकपुड्या फुललेल्या, कातड्याखाली फासळ्या हलताहेत असं वाटावं. फक्त उजवा पुढचा पाय त्यानं पुढं टाकला होता, अंगाचा भार चोरून.

इनामदार म्हणाले, "लग्नाच्या भिंतीवर लंगडा घोडा? चारी पाय नीट टेकव."

"सरकार, तो ज्या दिवशी टेकवेल, त्या दिवशी मीही टेकवीन."

त्यांनी भिंतीवर चुना फासायला लावला. सकाळी चुन्यातून घोडा वर आला होता. तीनदा फासला, तीनदा पारवा वर आला, असं म्हणतात. मग हुकूम सुटला की वरात निघायच्या आत ठकूनं गाव सोडावं. ती वेशीत भिंतीखालीच बसून राहिली.

वरात आली. नवरदेवाला पाठीवर घेतलेला पारवा वेशीत आपल्या चित्रासमोर थांबला. त्यानं उजवा पाय तस्साच पुढं टाकला आणि जागचा हलेना. चाबूक झाला, गूळ झाला. वाजंत्री आपोआप थांबली. गर्दीतून येसबा पुढं आला, त्याला कोणी अडवलं नाही. त्यानं खूर मांडीवर घेतला, कातडं कापायच्या रापीनं तळवा कोरला, आणि नाल ठोकताना आत मोडून राहिलेला खिळा निघाला, मागोमाग पू. पारव्यानं पाय खाली टेकला. भिंतीवरच्या पारव्यानंही त्याच वेळी टेकला, असं म्हणतात. ठकूनं तर भिंतीला बोटही लावलं नव्हतं.

इनामदार खाली मान घालून म्हणाले, हवं ते माग.

ठकू म्हणाली, "पाय मी काढला, पण तो वाचायला ह्यांनी शिकवलं. आधी ह्यांच्या आळीला विहिरीवर पाणी भरू द्या. मग मला विचारा."

इनामदारांनी वाजंत्र्यांना हात केला. वरात पुढं गेली. विहीर तेव्हा खुली झाली नाही, आणि ठकूनंही त्या विहिरीचा थेंब पुन्हा तोंडाला लावला नाही. ती येसबाच्या आळीत राहायला गेली आणि तिथल्या पोरींना हाडं हातात देऊन चित्र शिकवत म्हातारी झाली. ती गेली त्या दुपारी गावातल्या एकाही जनावरानं वैरणीला तोंड लावलं नाही, असं म्हणतात.

हिंगणदरीत आजही पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघरच्या पोरी डोळे मिटून आपला बैल शिंगापासून खुरापर्यंत चाचपतात आणि कोळशानं भिंतीवर काढतात. चित्रात जो बैल पाय चोरतो, त्याला बरा होईपर्यंत जू लावत नाहीत, मग पेरणी का अडेना. विहीर आता सगळ्यांची आहे. पण त्या दिवशी पहिली घागर येसबाच्या आळीतली सगळ्यांत म्हातारी बाई भरते. ती सावकाश भरते. इनामदारांच्या घरचे आपली घागर घेऊन मागं उभे असतात.