फटफटीच्या फटीत दाणा

ऐका, ऐका, मांडी घालून ऐका! शेपूट असेल तर तीपण आवरून बसा.

एक होती उंदरी. नाव गुंजी. एवढीश्शी! पळायची तुरुतुरु, थांबायची टुकुटुकु. तिचा धाकटा भाऊ दगडू. नाव दगडू, पण कापसाच्या बोंडाएवढा! दगडूला आज पहिला दात आला होता. एकच दात. "मला कुर्रम् करायचंय! मला कुर्रम् करायचंय!" सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

गुंजीने त्याच्यासाठी एक शेंगदाणा शोधला. भाजलेला. खमंग. निघाली घेऊन, तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत उभी होती सगुणाक्काची फटफटी. जुनी, पण काय तिचा थाट! दार रंगवून उरलेला हिरवा रंग टाकीला. दाढीचा आरसा हँडलला. फाटक्या गोधडीचं कव्हर सीटला. "इकत कशाला आणायचं? घरचंच लावू की!" असं अक्का म्हणायची.

गुंजी चढली फटफटीवर. सीटखाली होती एक फट. दाणा सुटला. टप्प! गडगड गडगड... गेला फटीत!

गुंजीने नाक घातलं. नाक गेलं. पोट जाईना. अरे देवा!

गुंजी म्हणाली,
"सीटबाई, सीटबाई, दाणा दे.
दगडू बसलाय दात घेऊन!"

सीट म्हणाली, "फुस्स! मी नाही उठत. नटाने मला धरलंय."

गुंजी गेली नटाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"नटदादा, नटदादा, सीट सोड.
सीट दाणा देईना,
दगडू बसलाय दात घेऊन!"

नट म्हणाला, "कर्र कर्र! मी नाही सोडत. पान्याने मला पिळलं तर सोडेन."

पाना पडला होता पत्र्याच्या डब्यात. लांबलचक, आळशी. गुंजी गेली पान्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"पानादादा, पानादादा, नट पिळ.
नट सीट सोडेना,
सीट दाणा देईना,
दगडू बसलाय दात घेऊन!"

पाना म्हणाला, "ठण्ण! मी नाही पिळत. अक्काने मला धरलं तर पिळेन."

अक्का बसली होती फटफटीच्या मागे. हात काळे. नाक काळं. साखळी झाली होती सैल आणि अक्का झाली होती घामाघूम. गुंजी गेली अक्काकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"अक्का, अक्का, पाना धर.
पाना नट पिळेना,
नट सीट सोडेना,
सीट दाणा देईना,
दगडू बसलाय दात घेऊन!"

अक्का म्हणाली, "न्हाई गं बाय! फटफटी घोडीवर चढल्याबिगर मी पान्याला हात न्हाई लावायची!"

घोडीवर? एवढंच ना! गुंजीला एक घोडी माहीत होती. लिंबाखालची बिजली, लग्नाच्या वरातीतली. गुंजी पळाली बिजलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!
"घोडीबाई, घोडीबाई, पाठ दे.
फटफटी घोडीवर चढेना,
अक्का पाना धरेना,
पाना नट पिळेना,
नट सीट सोडेना,
सीट दाणा देईना,
दगडू बसलाय दात घेऊन!"

बिजलीने कान हलवले. "खिंखिंखिं! माझ्यावर नवरदेव बसले. नवरदेवाचे भाचे बसले. फटफटी कधी नाही बसली! चल, बघूच!"

आल्या दोघी. टबडक टबडक! तुरुतुरु तुरुतुरु!

अक्काने बघितलं आणि हसत हसत खालीच बसली. "अगं येडे! ही घोडी न्हवं! ही बघ घोडी!" तिने फटफटीच्या पोटाखाली बोट दाखवलं. तिथे होते दोन लोखंडी पाय. "गाडी उभी करायच्या ह्या पायांना आमी घोडी म्हणतो. ही घोडी लावायची, तर गाडी मागं ओढावी लागती. मला एकटीला ओढवंना!"

गुंजी लाजून लाल झाली.

बिजली मात्र खूश! "ओढायचंय होय? मग आधी सांगायचं!" तिने मागचा दांडा दातात धरला. ओढ... ओढ... हय्या हो... खटाक्!

फटफटी घोडीवर चढली!
अक्काने पाना धरला!
पान्याने नट पिळला!
नटाने सीट सोडली!
सीट उठली, फुस्स!

आणि दाणा? दाणा तिथेच होता. गुबगुबीत!

"साखळी मागनं. आधी तुझा दाणा," अक्का म्हणाली. काळ्या बोटांनी तिने दाणा उचलला, पदराला पुसला आणि गुंजीला दिला.

गुंजी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

दगडूने तोंड उघडलं. आ! एकच दात. दाणा ठेवला. कु... कु... कुर्रम्!

दाण्याचे झाले दोन. दगडूने एक घेतला. दुसरा पुढे केला. "ताई, हा तुझा!"

गुंजीचे डोळेच भरून आले, इतका आनंद झाला तिला.

कुर्रम्! कुर्रम्!

दाणा फस्त, गोष्ट फस्त, आता तोंड पुसा मस्त!