उलट्या अक्षराची वेस

एका राज्यात एक अक्षर उलटे टांगलेले होते, आणि त्याच्याच जोरावर बाकीचा सारा कारभार सुलट चालला होता.

राज्य पूर्वेला, बर्फाच्या डोंगरांपलीकडे. दर वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिथला राजा नगराच्या वेशीवर स्वहस्ते तांबडा कागद लावी. त्यावर सोनेरी शाईने एकच अक्षर असे, फू. फू म्हणजे सौभाग्य. आणि ते लावायचे कसे? पाय वर, डोके खाली. का, ते तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एकट्या सुलोचनेला.

सुलोचना दक्षिण देशची, पोथ्या उतरवून पोट भरणारी. लहानपणी गुरूंनी पट्टीने बोटे सुजवून तिला शिकवले होते, ‘वाकडे अक्षर, वाकडे नशीब.’ तेव्हापासून पस्तीस वर्षांत तिची एक वेलांटी तिरपी गेली नव्हती. परक्याच्या घरात तसबीर कलती दिसली, तरी ती आधी सरळ करी आणि मग पाणी पिई. ज्या देशात कागद जन्मला तो एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढ्याच हौसेने ती डोंगर ओलांडून आली होती.

वेशीला लागूनच वेनमावशीचे घर होते, तिथे ती उतरली. घरात मावशी आणि एक मैना, दोनच जीव. त्या दिवशी मावशी सकाळपासून ज्याओझी वळत होती. ज्याओझी म्हणजे आपल्या करंजीची धाकटी बहीण म्हणा, फक्त ती तेलात तळत नाहीत, उकळत्या पाण्यात सोडतात. चुलीवरच्या देवाचे चित्र जागेवर नव्हते. आठ दिवसांपूर्वी त्याच्या ओठांना चिकट पाक फासून मावशीने त्याला स्वर्गात धाडले होते, म्हणजे देवाने तिकडे घरची चुगली करताना गोडच बोलावे.

पाटावर तीन वाडगे मांडलेले पाहून सुलोचनेने विचारले, “मावशी, तिसरा कोणाचा?”

“माझ्या लेकीचा, लिंगयुनचा,” मावशी म्हणाली. “वर्षाचे शेवटचे जेवण सगळ्यांनी एकत्र जेवायचे. माणूस नसले तरी त्याचा वाडगा मांडायचा. ती दूरच्या शहरी रेशमाच्या मागावर गेली. सात वर्षे मी रिकामा वाडगा मांडते आहे. आज ती येते आहे, पोरी.”

असे म्हणून मावशीने डोळे पुसले, आणि डोळ्यांना पीठ लागले.

सुलोचना पाण्याला म्हणून बाहेर पडली. वेशीवर पाहते तो काय, तिकडच्या पोथ्यांत पाहून ओळखीचे झालेले अक्षर, एवढे मोठे राजाक्षर, आणि उलटे! ‘अरेरे,’ ती मनाशी म्हणाली, ‘सणाची घाई. कोणाच्या लक्षातही आले नाही.’ हात शिवशिवले. तिने घडवंची ओढली, वर चढली, कागद सोडवला, सुलटा करून नीट लावला आणि पुण्य केल्याच्या समाधानाने खाली उतरली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही. इतकी वर्षे उलटे असलेले अक्षर सुलटे झाले, त्याचे पाय जमिनीकडे आले. पाय खाली येताच अक्षर कागदावरून उतरले आणि चालू लागले. वेशीतून बाहेर पडले, डोंगराकडे निघून गेले. बर्फावर सोनेरी पावले उमटली आणि मागे कोरा तांबडा कागद राहिला.

त्या क्षणापासून राज्यात कोणी कुठेही पोचेना. नावाडी वल्ही मारी, काठ तेवढाच दूर. हंड्यातले पाणी तापे, उकळीला येईना. चुलीवरचा देव स्वर्गातून निघाला तो ढगातच राहिला. सूर्य डोंगराच्या माथ्यावर बोटभर अंतरावर अडकला, मावळेना. आणि वेनमावशीच्या दारापासून दहा पावलांवर निळ्या अंगरख्यातली एक मुलगी चालत होती, चालतच होती.

“आई!” तिने हाक मारली.

“लिंगयुन!” मावशी धावली. धावून धावून तिला धाप लागली, पण मधली दहा पावले दहाच राहिली. थंडी वाढत होती आणि मुलीचे ओठ निळे पडू लागले होते.

सुलोचनेच्या तोंडचे पाणी पळाले. “मावशी, मी अक्षर सुलटे केले,” ती म्हणाली. “मला वाटले चुकले आहे.”

मावशीने कपाळावर हात मारला. “अगं, आमच्या बोलीत ‘उलटे’ म्हणजे दाओ, आणि ‘आले’ म्हणजेही दाओ! फू उलटे, म्हणजे फू आले. तू डोळ्यांनी वाचलेस, पोरी. ते कानांनी वाचायचे असते.”

शिपायांनी सुलोचनेला दरबारात नेण्याची खटपट केली. ते पोचले नाहीत, तीच पोचली. राजा सिंहासनाच्या दिशेने पावले टाकीत उभा होता.

“मी दुपारपासून बसायला निघालो आहे,” राजा म्हणाला. “अपराध तुझा?”

“माझाच, महाराज.”

“शिक्षा सुळाची आहे. पण तुला सुळापर्यंत नेणार कोण? या राज्याचे माणूस कुठेच पोचत नाही. तू परकी आहेस म्हणून पोचतेस. जा, अक्षर परत आण. वाटेवरची माणसे गारठण्याआधी आण.”

सुलोचनेने घरी येऊन मावशीच्या मैनेला खांद्यावर घेतले. “तुला वाचता येते?” तिने विचारले.

“नाही,” मैना म्हणाली. “म्हणून तर मी फसत नाही.”

सोनेरी पावले डोंगरावरच्या एका काळ्या घरात शिरली होती. ते शांगवू मांत्रिकाचे घर. अंगणात ढिगारेच ढिगारे पडले होते, न पोचलेली पत्रे, वाट चुकलेल्या वरातींचे आहेर, कोणाकोणासाठी निघालेले आणि अर्ध्यावर राहिलेले नजराणे. ती संपत्ती शापित होती, हात लावणाऱ्याला परतीची वाट सापडत नसे. सुलोचनेने हात पाठीशी बांधले. एकदा हात लावून काय होते ते तिने पाहिले होते.

मांत्रिक दारात आला. “माझ्या दारी कधी कोणी आले नाही,” तो म्हणाला, “म्हणून कोणाच्याच दारी कोणी जाऊ नये. अक्षर माझ्या पेटीत आहे. तीन वेळा माझा पाहुणचार घे. चुकलीस तर राहशील, न चुकलीस तर नेशील.”

पहिल्याने त्याने ताटात अख्खा मासा वाढला, डोके पाहुणीकडे करून. वर आल्याचे काप आणि कांद्याची पात.

“मासा चांगला आहे,” तो म्हणाला. “संपव.”

सुलोचनेला भूक कडकडून लागली होती. ताटात टाकू नये, अन्न हे पूर्णब्रह्म, हे ती आईच्या दुधाबरोबर शिकली होती. मधला भाग तिने खाल्ला, शेपटीकडे हात नेला, तोच मैना पुटपुटली, “यू. मासा म्हणजे यू. उरणे म्हणजेही यू.”

सुलोचनेचा हात थांबला. डोके आणि शेपूट तिने तशीच ठेवली. “वर्ष संपताना मासा संपवू नये,” ती म्हणाली. “उद्याला काही उरले पाहिजे.”

मांत्रिकाची एक भुवई चढली.

दुसऱ्याने त्याने एक पिवळीधमक नाशपाती आणि सुरी पुढे ठेवली. मग खिडकी उघडली. खिडकीतून वेनमावशीचे अंगण दिसत होते. लिंगयुन गुडघ्यांवर बसली होती, मावशी दहा पावलांवरून पदराची ऊब तिच्याकडे फेकल्यासारखे हात करीत होती.

“दोघी उपाशी आहेत,” मांत्रिक म्हणाला. “अर्धी माईला दे, अर्धी लेकीला. खिडकीतून फेकशील तिथे पोचेल.”

सुलोचनेला रडू फुटले. अर्ध्यातला अर्धा घास देणे याहून मोठे पुण्य तिच्या देशात नव्हते. सुरी सालीला टेकली.

“ली,” मैना म्हणाली. “नाशपाती म्हणजे ली. ताटातूट म्हणजेही ली.”

सुरी खाली पडली. वाटून दिली असती तर मायलेकी जन्माच्या दुरावल्या असत्या, आणि ते कोणी केले असते? तिच्याच दयाळू हाताने! तिने अख्खी नाशपाती ओटीत बांधली. “ही वाटायची नाही,” ती म्हणाली. “एकटीनेच खायची. घरी पोचल्यावर.”

मांत्रिकाची दुसरी भुवईही चढली. त्याने बोट उचलले आणि मैनेची चोच मिटली ती मिटलीच.

“दोन्ही वेळा तू उसन्या कानाने ऐकलेस,” तो म्हणाला. “आता तुझ्या स्वतःच्या बोलीत सांग. उलटलेले अक्षर शुभ कसे? तुझ्या बोलीत कारण नसेल, तर त्या वेशीला पुन्हा हात लावायचा तुला अधिकार नाही.”

सुलोचना विचारात पडली. तिच्या बोलीत उलटे म्हणजे सगळे वाईटच. डाव उलटतो, नाव उलटते, चोराच्या उलट्या बोंबा असतात, खाल्लेले बाधले की उलटी होते. एक शब्द बरा सापडेना. खिडकीत लिंगयुनचे डोके छातीवर कलले. ‘सात वर्षे,’ सुलोचना मनाशी म्हणाली, ‘सात वर्षे उलटली, आणि आज दाराशी येऊन पोर...’

ती थबकली. मग मोठ्याने हसली. त्या घरात आजवर कोणी हसले नव्हते, वळचणीची पाखरे दचकून उडाली.

“वर्ष उलटते!” ती म्हणाली. “आमच्या बोलीत वर्ष सरत नाही नुसते, उलटते. जुने उलटले की नवे आले. आणि मी जन्मभर केले काय? पोथीची पाने उलटली. पान उलटल्याशिवाय पुढचे पान येत नाही, मांत्रिका. पस्तीस वर्षे माझे हात हेच करीत होते आणि माझ्या कानांना पत्ता नव्हता.”

मांत्रिकाने निमूटपणे पेटी उघडली. तळाशी सोनेरी अक्षर पाय पोटाशी घेऊन निजले होते. सुलोचनेने ते पदरात घेतले. जाताना ती उंबऱ्यावर थांबली.

“मासा उरवला आहे,” ती म्हणाली. “पण एकट्याने शिळे कशाला खाता? वेनमावशीच्या घरी एक वाडगा मांडायला सांगते.”

मांत्रिकाने उरलेला मासा झाकून ठेवला.

वेशीपाशी सुलोचना घडवंचीवर चढली. कोऱ्या कागदावर अक्षर ठेवताच ते चिकटले, सुलटे, नीटनेटके, देखणे. आता ते फिरवायचे होते. बोटांना गुरूंची पट्टी आठवली आणि बोटे आखडली. “गुरुजी,” ती म्हणाली, “क्षमा करा, पण नशीब तुमच्या पट्टीने आखलेले नाही.” आणि जिने जन्मात एक वेलांटी वाकडी काढली नव्हती, तिने राज्याचे सर्वांत मोठे अक्षर आपल्या हाताने उलटे केले.

खालून मैनेची चोच सुटली. “दाओ!” ती ओरडली.

“दाओ!” मावशी ओरडली. ‘उलटे’ म्हणाली की ‘आली’ म्हणाली, कोण सांगणार? लिंगयुन उठली. एक पाऊल, दोन, नऊ, दहा. आणि मायलेकी उंबऱ्यात एकमेकींवर अशा आदळल्या की दाराची कडी निखळली.

हंड्याला उकळी आली. नावा काठाला लागल्या. राजा सिंहासनावर बसला आणि “हुश्श” म्हणाला, तेच त्या वर्षाचे पहिले राजवाक्य म्हणून कोरले गेले. सूर्य मावळला, घरोघर शेकोटीत बांबू तडतडले, आणि सकाळी नवे वर्ष वेळेवर उगवले. नाशपाती लिंगयुनने एकटीने खाल्ली, आईला एक फोडही दिली नाही, आणि आई ते पाहून तृप्त झाली.

चौथ्या वाडग्यापाशी उरलेला मासा घेऊन एक म्हातारा येऊन बसला होता. अंगणातल्या ढिगाऱ्यांचा शाप सुटला होता, आणि सारी पत्रे त्याने वाटेत ज्याची त्याला देऊन टाकली होती. मावशीने त्याला नावही विचारले नाही, पोटभर वाढले.

सुलोचनेने अंगण पाहिले. बांबूच्या राखेचा आणि फाटक्या तांबड्या कागदांचा नुसता पसारा. जित्याची खोड! तिने केरसुणी उचलली.

“ठेव!” मावशी, लिंगयुन, म्हातारा आणि मैना एकदम ओरडली. “नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढला, तर आलेले सौभाग्य झाडून जाते!”

सुलोचनेने केरसुणी ठेवली, हात पदरात गुंडाळले आणि ती त्या पसाऱ्यात मुकाट्याने बसून राहिली. तिला ते फार जड गेले, पण तिने ते केले.

अक्षर उलटे, कहाणी सुलट. जशी त्यांची लेक दाराशी पोचली, तशी तुमची माणसे तुमच्या दाराशी पोचोत.